मिरचीचा हंगाम आणि आयकराची वही

आमच्याकडं कोल्हापुरात फेब्रुवारीत मिरची यायला लागते आणि मे संपेपर्यंत घराघरात वर्षाची चटणी भरून ठेवलेली असते. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. बाहेरचे लोक त्याला मसाला म्हणतात, आम्ही चटणीच म्हणतो. गेली चौदा वर्षं मी ती घरातून करून विकते. गच्चीवर मिरची वाळत असते, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कांडप यंत्र चालू असतं, दोघी बायका कांदा चिरत बसलेल्या असतात आणि याच धांदलीत 31 मार्च येतो. धंद्याची सगळ्यात मोठी खरेदी आणि हिशेबाच्या वर्षाचा शेवट एकाच महिन्यात. म्हणून मला आयकर रिटर्नची ही तयारी नीट बसवावी लागली. शिवण, फराळ, रुखवत, पर्स, केक, घरातून काहीही विकणाऱ्या बाईला यातलं बरंचसं जसंच्या तसं उपयोगी पडेल.

पहिली सहा वर्षं मी रिटर्न भरलंच नाही. पैसे ह्यांच्या खात्यावर यायचे, घरात खर्च व्हायचे. 2018 मध्ये कांडप यंत्रासाठी कर्ज मागायला एका बँकेत गेले. साहेबांनी विचारलं, तुमच्या नावाची दोन वर्षांची रिटर्न आहेत का? नव्हती. वर्षाला हजार किलोच्या वर चटणी करणारी मी, कागदावर मात्र नुसती गृहिणी होते. त्या दिवशी घरी येऊन रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्याच वर्षापासून माझ्या नावानं रिटर्न सुरू केलं. 2021 मध्ये दुसऱ्या एका बँकेनं त्याच कागदांवर कर्ज दिलं आणि प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून यंत्राच्या खर्चावर 35 टक्के अनुदानही मिळालं. कर शून्य येत असला तरी मी रिटर्न का भरते, त्याचं उत्तर हे आहे.

खातं वेगळं करा, आजच

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यावर घ्या. स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या पॅनला जोडलेलं, आणि दारात लावलेला स्कॅनरही त्याच खात्याचा. नवऱ्याच्या खात्यावर पैसे घेतले की ती विक्री त्यांच्या नावावर दिसते, आणि ते नोकरीला असतील तर त्यांचं साधं सरळ रिटर्न गुंतागुंतीचं होऊन बसतं.

खातं एकच होतं तेव्हाचा माझा एक हिशेब सांगते. वर्षभरात खात्यावर 6,72,000 रुपये जमा झाले होते. विक्री तेवढी नव्हतीच. त्यात पुण्याहून मुलगी घरखर्चाला पाठवते ते 40,000, भिशी लागली ते 30,000, आणि जावेला उसने दिलेले परत आले ते 12,000 होते. हे 82,000 वजा केल्यावर चटणीचे खरे 5,90,000 निघाले. हे शोधायला मला आणि मुलीला तीन रात्री लागल्या. मुलीनं आईला दिलेले पैसे उत्पन्न नसतात, उसने परत आलेले नसतात, भिशीत आपणच भरलेले पैसे परत आले तर तेही नसतात. पण बँकेच्या उताऱ्यात सगळे सारखेच दिसतात. आता मी दर रविवारी उतारा बघते आणि धंद्याबाहेरच्या रकमेपुढं पेन्सिलनं ‘घर’ असं लिहिते. दहा मिनिटांचं काम आहे.

उसनवारीवरून आठवलं. हंगामात मिरची घ्यायला बहिणीकडून, मैत्रिणीकडून पैसे घ्यावे लागतात. ते 20,000 किंवा त्याहून जास्त असतील तर नगद घेऊ नका, खात्यावरच घ्या. एवढं कर्ज रोखीनं घ्यायला कायद्यात मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. नाती कितीही जवळची असली तरी बँकेतूनच.

वही

माझी वही साधी दोनशे पानी आहे. डाव्या पानावर विक्री, उजव्या पानावर खर्च. विक्रीला सहा रकाने: तारीख, नाव, किलो, नगद, फोनवरून, उधार. नगद आणि फोनवरून आलेले पैसे वेगळे लिहायचे, याचं कारण पुढं कळेल. माल दिला त्या दिवशी विक्री लिहायची, पैसे आले नसले तरी. पैसे आले की उधारीच्या पानावर खोडायचं.

खरेदीचा कागद मिळवायला थोडा आग्रह धरावा लागतो. ब्याडगी आम्ही व्यापाऱ्याकडून घेतो, तो बिल देतो. पण गडहिंग्लज भागातली जवारी मिरची कधी कधी थेट शेतकऱ्याकडून येते, तो कुठलं बिल देणार? मग मीच एक चिठ्ठी करते: नाव, गाव, वजन, दर, एकूण रक्कम आणि खाली त्याची सही. व्यापाऱ्याला पैसे शक्यतो बँकेतून. दोघी बायकांची हजेरी वहीच्या शेवटच्या पानांवर, आठवड्याची मजुरी आणि सही. खोबरं, तीळ, धणे, तेल, पिशव्या, रिक्षाभाडं, धंद्याचा गॅस, शेडचं वीजबिल हे सगळं तारखेनं. सगळी बिलं एका मोठ्या स्टीलच्या डब्यात, महिन्यागणिक रबर लावून. थर्मल कागदावरची पावती वर्षभरात पांढरी पडते, तिचा लगेच फोटो काढायचा.

कुणी म्हणतं, अंदाजित नफ्याच्या पद्धतीनं रिटर्न भरलं तर वही ठेवायची सक्तीच नाही. कायद्यानं खरंच नाही. पण वही नसेल तर विक्रीचा आकडा आणणार कुठून? आणि किलोमागं आपल्याला काय सुटतं हे कळणार कसं? वहीमुळंच मला कळलं की अर्ध्या किलोच्या पाकिटात मी दोन वर्षं पिशवी आणि मजुरी धरलीच नव्हती.

31 मार्चची रात्र

या रात्री आमच्या घरी वजनकाटा स्वयंपाकघरात येतो. अख्खी मिरची किती, कांडलेली किती, तयार चटणी किती, खोबरं, धणे, मोकळ्या पिशव्यासुद्धा. सगळं मोजून एका कागदावर लिहायचं, तारीख घालून सही करायची. मग गल्ल्यातली रोकड मोजायची. मग लोकांकडून येणं किती आणि व्यापाऱ्यांना देणं किती, ते लिहायचं. हे चार आकडे म्हणजे शिल्लक माल, हातातली रोकड, येणं आणि देणं. रिटर्नचा जो फॉर्म आपल्याला लागतो, आयटीआर-4 किंवा ‘सुगम’, त्यात ते विचारतात. जुलैमध्ये बसून 31 मार्चला घरात किती मिरची होती हे कुणाला आठवणार?

आमच्या धंद्यात हा मोजलेला माल फार महत्त्वाचा. मी पहिल्या वर्षी मोठी चूक केली होती. मार्चमध्ये भरलेली सगळी मिरची त्याच वर्षाच्या खर्चात धरली. धंदा तोट्यात दिसला, मी घाबरले. खरं तर ती मिरची पोत्यांत घरातच होती आणि विक्री एप्रिल-मेमध्ये होणार होती. बरोबर हिशेब असा: वर्षाच्या सुरुवातीला घरात 70,000 ची मिरची होती, वर्षभरात 3,10,000 ची घेतली, आणि 31 मार्चला 1,05,000 ची उरली. म्हणजे त्या वर्षी वापरली 2,75,000 ची. खर्च तेवढाच धरायचा. शिल्लक मालाची किंमत आपल्याला पडलेल्या भावानं लावायची, विकायच्या भावानं नाही. राख्या, कंदील, दिवाळीचा फराळ अशा हंगामी धंद्यात हे नीट समजून घ्या. नाहीतर एक वर्ष उगाच तोट्याचं आणि पुढचं उगाच फायद्याचं दिसतं.

सहा टक्के, आठ टक्के, आणि खरा नफा

आता नगद आणि फोनचे रकाने वेगळे का, ते सांगते. मघाशी म्हटलेली अंदाजित नफ्याची पद्धत म्हणजे आयकर कायद्याचं कलम 44एडी, ते छोट्या धंद्यासाठी आहे. वर्षाची विक्री 2 कोटींच्या आत असेल तर प्रत्येक खर्चाचा पुरावा न मांडता, विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. नगद विक्रीवर किमान 8 टक्के, बँकेतून किंवा फोनवरून आलेल्यावर किमान 6 टक्के. मार्चमधली उधारी रिटर्नच्या मुदतीच्या आत फोनवरून आली, तर तीही 6 टक्क्यांत बसते.

माझा हिशेब: फोनवरून आणि बँकेतून 5,90,000, नगद 2,70,000, एकूण 8,60,000. त्यावर 35,400 आणि 21,600, म्हणजे 57,000 रुपये किमान नफा. बऱ्याच जणी इथंच थांबतात आणि 57,000 लिहून मोकळ्या होतात. माझं मत वेगळं आहे, आणि ते मी ठामपणे सांगते. हे टक्के किमान आहेत. कायदाच म्हणतो की प्रत्यक्षात जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवावं. वहीप्रमाणं माझा नफा 2,35,000 होता, मी 2,35,000 दाखवला. कर तसाही शून्यच होता. आणि पुढच्या वेळी बँकेनं कर्जाचा हप्ता कुठून भरणार असं विचारलं तेव्हा 57,000 च्या कागदावर मला कुणी उभं केलं नसतं.

नफ्यात स्वतःची मजुरी खर्च म्हणून धरता येत नाही. मला हे फार लागतं. पहाटे पाचला उठून मिरची भाजते ती मीच, पण मालकीण स्वतःला पगार देऊ शकत नाही. जे उरतं तेच तिचं.

44एडीबद्दल दोन गोष्टी आणखी. दुसऱ्याचा माल कमिशनवर विकत असाल, तर ते उत्पन्न यात बसत नाही. आणि एकदा ही पद्धत घेतली की पुढची पाच वर्षं ती सोडू नये. मध्येच किमान टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलं, तर त्यानंतर पाच वर्षं परत येता येत नाही आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर पूर्ण हिशेब आणि ऑडिट मागं लागतं. वर्ष खरंच वाईट गेलं असेल तर ते रिटर्न करसल्लागाराला विचारूनच भरा.

2025-26 या वर्षासाठी नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही, आणि एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर सूट मिळून धंद्याच्या कमाईवरचा कर शून्य होतो. यातून एक गैरसमज पसरलाय की 12 लाखांपर्यंत रिटर्नच भरायचं नाही. उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, कर येवो न येवो. सूट रिटर्नमध्ये मागावी लागते. आणि इथं उत्पन्न म्हणजे नफा अधिक ठेवींचं व्याज, भाडं वगैरे, नुसती विक्री नव्हे. वर्षाचा कर 10,000 किंवा त्याहून जास्त येईल असं दिसत असेल तर 44एडीवाल्यांनी तो 15 मार्चपर्यंत एका हप्त्यात आगाऊ भरायचा, नाहीतर व्याज लागतं.

निपाणीचं पार्सल

जीएसटी नोंदणी वर्षाच्या किती विक्रीनंतर लागते, त्याचा 40 लाखांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. मी हॉटेलवाल्यांची मिरची मजुरीनं कांडूनही देते, ती सेवा झाली. माल आणि सेवा दोन्ही असतील तर महाराष्ट्रात मर्यादा 20 लाख धरायची. डबे, मेस चालवणाऱ्यांनाही 20 लाखच.

आणि आमच्या सीमाभागात खरी अडचण आकड्याची नाहीच. निपाणी आम्हाला तासाभराच्या अंतरावर, बेळगाव त्याच्या पुढं, गोव्यात निम्मे पाहुणे. पण निपाणी कर्नाटकात. दुसऱ्या राज्यात माल विकून पाठवायचा असेल तर पहिल्याच पार्सलपासून जीएसटी नोंदणी लागते, विक्री कितीही छोटी असली तरी. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, चटणीला नाही. गिऱ्हाईक माझ्या दारात येऊन, पैसे देऊन पिशवी घेऊन गेलं तर ती कोल्हापुरातली विक्री. मीच कुरिअरनं पणजीला पाठवली तर ती आंतरराज्य. मला हे उशिरा समजलं, तोवर मी बिनधास्त पाठवत होते. आता बाहेरच्या राज्यातल्या ऑर्डरी मी घेत नाही, त्यांचे इथले नातेवाईक येऊन घेऊन जातात. पुढच्या वर्षी नोंदणी करायचा विचार आहे, कारण गोव्याची मागणी वाढतेय.

2025 च्या जुलैमध्ये बंगळुरात छोट्या दुकानदारांना आणि गाडीवाल्यांना यूपीआयच्या जमा रकमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. ती बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत दोघींनी स्कॅनर काढून ठेवला. काढू नका. फोनवरच्या पैशांवर उलट 2 टक्के कमी नफा धरायला मिळतो, आणि ज्याची वही बरोबर आहे त्याला प्रत्येक रकमेचं उत्तर देता येतं.

बसायचं कधी, भरायचं कसं

हंगाम संपला, पहिला पाऊस पडला की मी बसते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्याआधी घाई करत नाही, कारण टीडीएसची, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडं भरलेल्या कराची नोंद तोवर दिसायला लागते. एका हॉटेलनं मागच्या वर्षी कांडपाच्या मजुरीतून 1 टक्का टीडीएस कापला होता. तो 26एएस या कापलेल्या कराच्या उताऱ्यात दिसला, मी रिटर्नमध्ये दाखवला, परत मिळाला.

आयकराच्या संकेतस्थळावर पॅन घालून आत गेलं की आधी एआयएस म्हणजे वार्षिक माहिती पत्रक उतरवून घ्यायचं. सरकारला आपल्याबद्दल काय माहीत आहे ते त्यात असतं: बचत खात्याचं व्याज, मुदत ठेवींचं व्याज, टीडीएस, मोठे व्यवहार. माझ्या पत्रकात एका जुन्या ठेवीचं 4,300 रुपये व्याज निघालं, मी ती ठेव विसरूनच गेले होते. पत्रकात चूक असेल तर तिथंच कळवता येतं. ते आणि आपली वही शेजारी ठेवून जुळवायचं, जुळलं की मगच फॉर्म उघडायचा.

जवळ ठेवायचं ते इतकंच: आधारला जोडलेलं पॅन, आधारशी जोडलेला चालू मोबाइल नंबर, खात्याचे उतारे, वहीतल्या बेरजा आणि 31 मार्चचा कागद. नव्या प्रणालीऐवजी जुनीत राहायचं असेल, म्हणजे विमा, घरकर्ज वगैरेंच्या वजावटी घ्यायच्या असतील, तर धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना मुदतीच्या आत फॉर्म 10-आयईए भरावा लागतो, आणि अशी उलटसुलट उडी पुन्हा पुन्हा मारता येत नाही. माझ्या उत्पन्नाला नवी बरी पडते.

मुदत दरवर्षी संकेतस्थळावर बघून घ्या, शेजारणीच्या तोंडून ऐकू नका. 2025 मध्ये 31 जुलैची तारीख आधी 15 सप्टेंबर झाली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असताना मुदत चुकली, तर 5 लाखांपर्यंत 1,000 आणि त्यावर 5,000 रुपये विलंब शुल्क. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे आकडे बदललेत. पण 2025-26 चं रिटर्न जुन्याच कायद्यानं भरायचं, त्यामुळं यंदा 44एडी हाच शब्द वापरा.

फॉर्म पाठवला म्हणजे झालं असं नाही. 30 दिवसांच्या आत पडताळणी करायची, आधारच्या ओटीपीनं दोन मिनिटांत होते. माझ्या जावेची एक वर्ष राहून गेली, तिला वाटलं भरलं, प्रत्यक्षात ते न भरल्यासारखंच झालं. पडताळणी झाली की पोचपावती छापून घ्यायची, सोबत उत्पन्नाच्या हिशेबाचा कागदही, कारण बँक दोन्ही मागते. मी त्या दोन्हींच्या तीन-तीन प्रती काढते. एक स्टीलच्या डब्यात, एक मुलीकडं पुण्याला, आणि एक माझ्या पर्समध्ये.